गोळी पोचेपर्यंत

"खि…" वहिनी म्हणाली, आणि मी लगेच खिचडीचा चमचा तिच्या तोंडाशी नेला.

तिनं ओठ मिटून घेतले.

"अगं, गरम नाहीये. फुंकर घातलीय मी. घे बघू."

समोर बसलेल्या दादानं माझं मनगट धरलं. "थांब, वीणा. तिचं बोलून व्हायचंय अजून."

"अरे, पण खिचडी गार होतेय."

"होऊ दे."

मग आम्ही थांबलो. म्हणजे दादा थांबला आणि मी नुसती बसून राहिले. थांबणं माझ्या रक्तातच नाही. वहिनीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. जीभ वर जायला बघत होती, पडत होती, पुन्हा उचलत होती. दादा तिच्या ओठांकडे बघत होता. चेहऱ्यावर ना कीव, ना घाई. कितीतरी वेळानं उरलेलं "…डकी" बाहेर आलं. माझ्या पाठीमागची खिडकी उघडी राहिली होती आणि जानेवारीचं धुकं सरळ तिच्या मानेवर येत होतं. मी मुकाट्यानं उठून खिडकी लावली.

"आता भरव," दादा म्हणाला. "आता खाईल ती."

आणि मेलीनं ती खाल्लीही. गार झालेली खिचडी, चार चमचे.

मधुसूदन, माझा थोरला भाऊ. पद्मा ही त्याची बायको, माझी वहिनी. आम्ही मूळचे वाईचे. दादा नोकरीपायी लखनौला आला आणि इथलाच होऊन गेला. विकास नगरात दोन खोल्यांचं घर, पुढे छोटंसं अंगण, त्यात वहिनीनं लावलेला कढीपत्ता. मूलबाळ झालं नाही. माझे यजमान फौजेत. त्यांची बदली इथे झाली तशी आम्ही छावणीत राहायला आलो, आणि परमुलखात मला माहेर मिळालं. टेम्पोत, म्हणजे इथल्या वाटणीच्या रिक्षात बसायचं, मध्ये एकदा बदलायचा, की दादाच्या दारात.

एके काळी या वहिनीच्या बोलण्यापुढे माझासुद्धा टिकाव लागायचा नाही. भाजीवाल्याशी तिची रोज जुंपायची. "भैया, ये वांगा अंदर से किडका निकलेगा तो मैं वापस लाके देगी!" असं ती ठणकावून सांगायची आणि तो बिचारा "हाँ बहनजी, हाँ बहनजी" करत दोन वांगी जास्त टाकायचा. इतकी वर्षं राहून तिचं हिंदी सुधारलं नाही आणि त्यामुळे तिचं काही अडलंही नाही. दादा मुळात अबोल. घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

तिचा आजार जिभेपासूनच सुरू झाला, याला काय म्हणावं? आधी एखादा शब्द अडखळायचा. मग सगळेच जड झाले. मग हातातलं बळ गेलं, पेन्सिलही धरवेना, म्हणजे लिहून दाखवायचीही सोय राहिली नाही. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, "नसों की बीमारी है. दिमाग़ बिल्कुल साफ़ रहेगा, सब समझेंगी. बाक़ी… धीरे-धीरे." बाकीचं त्यांनी हातानंच दाखवलं.

तेव्हापासून जो येईल तो वहिनीची वाक्यं पुरी करायला लागला. तिनं "च" म्हटलं की शेजारीण चहा आणायची. मी तर काय, तिनं तोंड उघडायच्या आधीच उत्तर घेऊन तयार! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. कामाला येणारी रामरती तेवढी भांडी घासता घासता "हाँ भाभी, बोलिए, बोलिए" करत राहायची. आणि दादा. तो तर एक अक्षरसुद्धा तिच्या तोंडात घालायचा नाही. ती "पाणी" म्हणेपर्यंत पाण्याचा पेला हातात धरून उभा राहायचा. मला वाटायचं, छळ मांडलाय यानं. एकदा न राहवून म्हटलंच, "दादा, तहान लागलीय हे दिसतंय ना? मग दे की! शब्दासाठी काय अडवून धरतोस?"

"अडवत नाही गं," तो म्हणाला. "शब्द तिचाय. तो आपण कशाला घ्यायचा?"

मला तेव्हा राग आला होता. का येणार नाही? तहानलेल्या माणसाला थांबवायचं म्हणजे काय?

त्याचं उत्तर मला त्याच्या लॅबमध्ये मिळालं. दादा तेलांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. सरकारी लॅब, पत्र्याचं छप्पर, दारावर मला ओळखणारा म्हातारा चौकीदार. पुण्याहून वहिनीचा भाऊ श्रीपाद निघाल्याचा फोन आमच्या छावणीतल्या घरी आला होता, म्हणून मी दादाला सांगायला गेले. आत डिझेलचा वास आणि उबारा. दादा एका जाडजूड पोलादी नळीपाशी स्टुलावर बसला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीला टेकवलेलं आणि दांडा कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसा.

"दादा, अरे श्रीपाद…"

त्यानं बोट वर केलं. थांब.

मी उभी राहिले. थोडा वेळ या पायावर, थोडा वेळ त्या पायावर. मग कंटाळून टेबलावर हात टेकवायला गेले.

"हात नको!" दादा ओरडला. उभ्या जन्मात माझ्यावर तो असा ओरडला नव्हता. मी दचकून मागे सरले. पुष्कळ वेळानं नळीत कुठंतरी टक् झालं, एक बारकी घंटी वाजली, दादानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि मग एकदम माणसात येऊन म्हणाला, "बस गं. घाबरलीस? चहा सांगू?"

"मर तुझा चहा! काय आहे त्या नळीत एवढं?"

"तेल आहे," तो म्हणाला, "आणि एक पोलादाची गोळी."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. लहानपणी गणितं समजावायचा तसंच. इंजिनाच्या पंपात, जमिनीच्या पोटात, तेलावर भयंकर दाब असतो. तसल्या दाबाखाली तेल घट्ट होतं. किती घट्ट, ते माणसाला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून नळीत तेल भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा, नळी कलती करायची आणि वरून गोळी सोडायची. तेल पातळ असेल तर गोळी झरकन खाली येते. घट्ट असेल तर रेंगाळते. किती वेळ लावला, त्यावरून तेलाचा घट्टपणा काढायचा. पलीकडच्या यंत्रात तेच तेल दाबून किती आक्रसतं ते बघायचं, म्हणजे घनता कळते.

"आणि आली नाही तर?"

"येते. थांबायचं. कधी कधी वाटतं अडकलीच, पण ती येत असते. घंटीचा भरवसा नाही, तार जुनी झालीय, म्हणून कान लावून बसतो."

"मग टेबलाला हात लागला असता तर काय आकाश कोसळलं असतं?"

"गोळी पोचली असती," दादा म्हणाला. "पण ती तिच्या वेळेला पोचली नसती, तुझ्या धक्क्यानं पोचली असती. मग ते माप कशाचं? तेलाचं नाही, तुझं. ते टाकून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून."

मग तो उठला, पंपाशेजारची एक चावी कणभर फिरवली. दाबाचा काटा केसभर खाली आला. पुन्हा कणभर फिरवली. मी म्हटलं, "सोडून टाक की एकदम, घरी जायचंय ना?" तर म्हणे दाब एकदम सोडला की आतली पॅकिंग फाटतात, हळूहळूच उतरवायचा असतो. झालं! म्हणजे चढवतानाही थांबा, उतरवतानाही थांबा. देवानं या माणसाला नेमकी नोकरी दिली होती.

त्या दिवशी टेम्पोतून जाताना मला त्याच्या पाण्याच्या पेल्याचा अर्थ कळला. तरीही राग गेला नाही, फक्त थोडा कमी झाला.

श्रीपाद आला तो बहिणीला न्यायलाच आला. पोरगा सज्जन. बँकेत नोकरी, पुण्यात मोठं घर, घरात म्हातारी आई, बायको घरीच असायची. आल्या आल्या त्यानं वहिनीच्या पायाशी बसून तिचे तळवे हातात घेतले आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसून दादाला म्हणाला, "दाजी, स्पष्टच बोलतो. तुम्ही दिवसभर लॅबमध्ये. वीणाताई छावणीतून येणार, त्यांचा संसार आहे. तुमची साठलेली रजाही संपत आलीय. ताईला मी घेऊन जातो. आई डोळे लावून बसलीय. तिला काही इतका प्रवास झेपायचा नाही, नाहीतर तीच आली असती."

"आणि परत?" दादानं विचारलं.

परत कुठलं? एकदा हा प्रवास कसाबसा झेपेल, दुसरा झेपणार नव्हता, हे सगळ्यांनाच दिसत होतं. वहिनीनं शेवटचे दिवस कुठं काढायचे, आईपाशी की नवऱ्यापाशी, एवढाच प्रश्न होता. पण तो असा उघडा करून कुणी मांडला नाही.

मी दादाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. "तिला विचारू," तो म्हणाला. "ती सांगेल. ती सांगेल तसं."

रविवारी दुपारी धुकं फाटून ऊन पडलं, तसं आम्ही वहिनीची खुर्ची अंगणात आणली. रामरती सकाळीच कामं उरकून तिच्या गावी, मलिहाबादकडे गेली होती. पुतणीचं लग्न होतं, ती महिनाभर तिकडेच राहणार होती. संध्याकाळची पुष्पक गाडी होती, मुंबईमार्गे पुणे. श्रीपादनं दोघांची तिकिटं काढून ठेवली होती; जायचं नसेल तर एक रद्द करायला त्याला लवकर निघावं लागणार होतं. मी खुर्चीमागे उभी. श्रीपाद समोर. दादा खुर्चीशेजारी उकिडवा बसलेला, वहिनीचा हात त्याच्या दोन्ही हातांत.

"ताई," श्रीपाद म्हणाला, "माझ्याबरोबर पुण्याला येतेस ना? का इथं राहतेस? तू सांगशील तसं."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, मग दादाकडे. तोंड उघडलं.

"म…"

आम्ही थांबलो. मीसुद्धा. जीभ दाताखाली धरून उभी होते मी.

"मला…"

ऊन कढीपत्त्यावरून सरकलं. गल्लीतून रद्दीवाला ओरडत गेला. श्रीपादनं घड्याळाकडे बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटून हात खिशात घातला. वहिनीच्या कपाळावर घाम आला, जानेवारीत. तिचे ओठ एकमेकांना भेटत होते, सुटत होते, आवाज येत नव्हता. तिला पुष्कळ सांगायचं होतं हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. नुसत्या हो-नाहीला माणूस एवढा दम गोळा करत नाही.

आणि दादाचे हात थरथरायला लागले. आयुष्यभर टेबलाला कुणाचा हात लागू न देणारे हात! त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. आमची आई गेली तेव्हाही नव्हता.

"इथं राहायचंय ना?" तो एकदम म्हणाला. "पद्मा, इथंच राहायचंय ना? माझ्यापाशी? राहायचंय ना गं?"

वहिनीचे ओठ थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं सगळं तोंड ओलं झालं होतं. मग तिनं ओठ मिटले आणि मान हलवली. हो.

खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, आला बाई हा माणसात! एकदाचं बोलला तरी. श्रीपादनं डोळे पुसले, वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला, "बरं, बरं ताई. तुझ्या मनासारखं," म्हणाला आणि संध्याकाळी एकटा निघून गेला. दादा त्याला स्टेशनवर पोचवून आला, तो सरळ न्हाणीघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो वहिनीसमोर स्टूल घेऊन बसला होता. "पद्मा, काल मी मध्येच बोललो. ते सोड. आता तू सांग. तुला काय हवंय? अजून तार करता येईल श्रीपादला. मी थांबतो. कितीही वेळ." वहिनी हसली. जमेल तेवढं हसली, वाकडं. आणि पुन्हा मान हलवली. बोलायला तोंड उघडलंच नाही.

"सांगतेय ना ती हो!" मी म्हटलं. "आता किती वेळा विचारणार?"

दादा मला दाराबाहेर घेऊन आला. "वीणा, माप गेलं गं."

"कसलं माप?"

"तेल असतं तर पुन्हा लावलं असतं. दाब चढवला असता, गोळी वर घेतली असती. पण तिनं माझं तोंड बघितलंय. एकदा ते बघितल्यावर ती दुसरं काय सांगणार?"

मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, इतकी वर्षं संसार केला, तिला तू नको आणि पुणं हवं असं असेल का? जरा तरी अक्कल आहे का तुला? तो हं म्हणाला. रोज हं म्हणायचा. आणि रोज एकदा तिला विचारायचा. आणि ती रोज तेच हसायची.

फार दिवस विचारावं लागलं नाही. गिळताना घास छातीत गेला, ताप भरला, कफ झाला. इस्पितळात नेलं तेव्हा तिचा श्वास खोलीबाहेर ऐकू येत होता. दादा पलंगाशी बसून होता, कान तिच्या तोंडापाशी. ती पहाटे गेली. नर्सनं येऊन "भैया, अब उठिए" म्हटलं, तरी तो तसाच कान लावून बसलेला. मी त्याला खांद्याला धरून उठवलं.

अहेव गेली म्हणून तिला हिरवी साडी नेसवायची, मळवट भरायचा, ओटी भरायची. छावणीतल्या दोन मराठी बायका मदतीला आल्या. मी रडत रडत वहिनीचं कपाट उघडलं. कुठं शोधू आता हिरवी साडी, या विचारात होते, तर समोरच! अगदी वर, इस्त्री केलेली, तिच्यात घडी घालून ठेवलेलं पोलकं, वर हिरव्या बांगड्यांचा डबा. जाणाऱ्या माणसाला कळतं म्हणतात. मी ती साडी छातीशी धरून मोठमोठ्यानं रडले. त्या बायकांनाही सांगितलं, बघा हो, माझ्या वहिनीनं आधीच काढून ठेवलेली. त्यांनी हात जोडले. तिला ती नेसवली आणि भैंसाकुंडाच्या स्मशानघाटावर नेलं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. वहिनीच्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या म्हणून मी कपाट रिकामं करत होते, तेव्हा रामरती गावाहून परत आली. दारातच बसून रडली. मग डोळे पुसून कपाटाकडे बघत म्हणाली, "दीदी, ऊ हरी वाली साड़ी कहाँ है?"

"उन्हीं को पहनाई," मी म्हटलं. "ऊपर ही रखी थी."

"हमीं ने तो रखी थी," रामरती म्हणाली. "भाभी निकलवाई रहीं. जिस दिन हम गाँव गए, उसी सबेरे. हम बर्तन माँजते रहे, ऊ बोलती रहीं. बहुत देर लगी उनको. बोलीं, अम्मा की दी हुई है, यही पहिन के जाएँगे. एक बार अम्मा को देख आएँ. फिर यहीं आ जाएँगे, तुम्हारे साहब के पास."

हातातली साडी खाली पडली.

"और क्या बोलीं?"

"बस यही. हम कहे, जाइए भाभी, जरूर जाइए. हँसीं."

देवा रे! जायचं की राहायचं, एवढंच आम्ही तिला विचारत होतो. एकदा आईला बघून परत यायचंय, हे आमच्या विचारण्यात कुठं बसतच नव्हतं. प्रवास झेपणार नाही हे आम्हाला कळत होतं, तिला कळत नव्हतं का? तरी तिला एकदा जायचं होतं. तेवढं लांबलचक वाक्य ती त्या उन्हात जुळवत होती. मला… मला आईला भेटून इथंच परत यायचंय. भांडी घासणाऱ्या बाईनं ते सगळं ऐकून घेतलं होतं, आणि आम्ही तिचे सगळे तिच्याभोवती उभे राहूनही "मला" च्या पुढे गेलो नाही. आणि जी साडी नेसून तिला आईकडे जायचं होतं, ती मी तिला नेसवून घाटावर पोचवली होती, वर देवाची करणी म्हणून चारचौघींना सांगितलं होतं.

मी रामरतीचा हात धरला. "साहब को मत बताना. कसम है तुमको."

"नहीं बताएँगे, दीदी," ती म्हणाली.

दादा कामावर जायला लागला. दुपारचं जेवण मी पोचवायला लागले, नाहीतर तो जेवलाच नसता. एके दिवशी गेले तेव्हा गोळी नुकतीच सोडलेली होती. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून तो स्टुलावर बसला होता, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. मी डबा लांबच्या कट्ट्यावर ठेवला आणि टेबलापासून हातभर दूर उभी राहिले. इतकं शिकले होते मी.

त्यानं कानापासून दांडा काढला. गोळी चालू असताना तो कधी बोलत नसे.

"वीणा," तो म्हणाला, "तिला जायचं होतं का गं?"

मला माहीत होतं, तो केव्हा तरी विचारणार. उत्तरही तयार करून ठेवलं होतं. टेम्पोत, स्वयंपाक करताना, कितीदा तरी घोकलं होतं. 'छे रे दादा, भलतंच काय!' असं पटकन म्हणायचं. माझ्यासारखीला काय अवघड? जन्मात कधी उत्तराला उशीर झालाय माझ्याकडून?

तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. हिरवी साडी डोळ्यांपुढे आली. दादा माझ्याकडे बघत होता. "नव्हतं ना?" असं म्हणाला असता तर मी मान हलवून सुटले असते. तो म्हणाला नाही. एक अक्षर पुढे केलं नाही त्यानं. नुसता थांबला, वहिनीपुढे पेला धरून थांबायचा तसा.

नळीत टक् झालं. घंटी वाजली. दादानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"नाही रे दादा," मी अखेर म्हणाले. "इथंच राहायचं होतं तिला. तुझ्यापाशी."

त्यानं मान खाली घातली. हातातल्या चालू स्टॉपवॉचकडे बघितलं.

"पुष्कळ वेळ लागला तुला," तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माणसानं आयुष्यभर वेळेवरूनच सगळं ओळखलं होतं, आणि मी त्याला शब्दांनी फसवायला निघाले होते. मी "दादा, अरे…" म्हणून पुढे झाले, पण त्याला त्यापुढचं काही ऐकायचं नव्हतं. त्यानं घड्याळ बंद न करताच खिशात टाकलं, उठला आणि पंपाशेजारच्या चावीला हात घातला.

कणभर फिरवली. काटा केसभर खाली आला. तो थांबला. पुन्हा कणभर. त्याचे खांदे हलत होते, पण चावीवरचा हात स्थिर होता. काटा शून्यावर यायला बराच अवकाश होता. डबा कट्ट्यावर गार होत होता. मी टेबलाला हात न लावता उभी राहिले.